तीन पेट्या आणि १०८ मते : न्यूयॉर्कची १७९२ ची गव्हर्नर निवडणूक गावच्या अभ्यासिकेत कशी अभ्यासावी

विदर्भात तालुक्याच्या गावांत, आणि आता मोठ्या खेड्यांतही, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका निघाल्या आहेत. तेथे निवडणूक कायदा बहुधा कलमे पाठ करून शिकला जातो. कलम लक्षात राहते, परंतु ते कोणत्या अडचणीतून जन्माला आले हे कळत नाही, आणि मुलाखतीत एखादा उलटा प्रश्न आला की पाठांतर उपयोगी पडत नाही. त्यावर एक उपाय असा की, कायदा पुरेसा घडलेला नव्हता अशा काळातील एखादी वादग्रस्त निवडणूक घेऊन ती एका संध्याकाळी सर्वांनी मिळून पुन्हा चालवून पाहावी. १७९२ मधील न्यूयॉर्क राज्याची गव्हर्नरपदाची निवडणूक या कामाला फार सोयीची आहे, कारण तिचा निकाल मतदान केंद्रावर ठरलाच नाही. तो पेटी कोणी आणि कोणत्या अधिकाराने आणली यावर ठरला. अभ्यासिका, सार्वजनिक वाचनालय किंवा जिल्हा परिषद शाळेची वरिष्ठ इयत्ता यांपैकी कोठेही ही निवडणूक कशी मांडावी, ते येथे सांगितले आहे.

आधी संयोजकाने स्वतः काय जाणून घ्यावे

आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. न्यूयॉर्कचा गव्हर्नर मात्र मतदार निवडत असत आणि राज्याचा कारभार तोच पाहत असे. हा फरक पहिल्याच मिनिटाला सांगून टाकावा, नाहीतर श्रोते अखेरपर्यंत गोंधळलेले राहतात. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या राज्यघटनेने गव्हर्नरची मुदत तीन वर्षे ठेवली होती. जॉर्ज क्लिंटन हे १७७७ पासून सलग त्या पदावर होते. १७९२ मध्ये त्यांच्यासमोर उभे राहिले जॉन जे, जे त्या वेळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते आणि ते पद न सोडता निवडणूक लढवीत होते. आज हे कोणालाही खटकेल; त्या काळी त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. जे हे फेडरलिस्ट गटाचे, म्हणजे मजबूत केंद्र सरकार मानणाऱ्यांचे उमेदवार होते, तर क्लिंटन यांचा गट राज्याच्या अधिकारांचा पुरस्कार करणारा होता.

प्रचारात दोन विषय गाजले. १७९१ मध्ये राज्याने अलेक्झांडर मॅकोम्ब याला ३६ लाख एकरांहून अधिक सरकारी जमीन एकरी आठ पेन्स इतक्या कवडीमोल दराने विकली होती आणि त्याचे खापर क्लिंटन यांच्यावर फुटत होते. दुसऱ्या बाजूला, जे हे गुलामांच्या मुक्ततेसाठी काम करणाऱ्या संस्थेशी संबंधित असल्यामुळे गुलाम बाळगणाऱ्या जमीनदारांना त्यांची भीती घातली जात होती. हे दोन्ही विषय मोहक आहेत, परंतु त्यांत दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. आपला विषय पेटीचा आहे.

पेटीचा प्रवास मात्र बारकाईने समजून घ्यावा. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी, म्हणजे २४ एप्रिल १७९२ रोजी, मतदान सुरू झाले. गव्हर्नरपदाच्या मतपत्रिका स्थानिक निरीक्षक मोजत नसत. ते त्या मोहोरबंद करून आपल्या कौंटीच्या शेरीफकडे देत. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि शेरीफ हा तिचा अंमलबजावणी अधिकारी. शेरीफने ती पाकिटे न उघडता एका पेटीत ठेवायची, पेटीवर कौंटीचे नाव घालून आपल्या सहीशिक्क्याने ती बंद करायची आणि राज्याच्या सचिवाच्या कार्यालयात पोहोचवायची, असा नियम होता. तेथे विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतून निवडलेली बारा सदस्यांची समिती सर्व राज्याची मते मोजत असे आणि तिचा निर्णय अंतिम असे. त्यावर न्यायालयात जाण्याची सोय नव्हती. समितीत क्लिंटन यांच्या बाजूचे सदस्य अधिक होते, हेही लक्षात ठेवावे, परंतु सत्राच्या पूर्वार्धात कोणालाही सांगू नये.

साहित्य आणि जागा

ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा शाळेची एक मोठी खोली पुरते. वैशाखात शेतीची कामे कमी असल्यामुळे माणसे मोकळी असतात, पण ऊन उतरल्याशिवाय कोणी येत नाही. म्हणून वेळ सायंकाळी सातनंतरची ठेवावी आणि वीज गेल्यास काय करायचे ते आधी ठरवावे. मिठाईची तीन रिकामी खोकी, सुतळी, लाख किंवा मेणबत्ती, आणि कागदाच्या १६७ चिठ्ठ्या लागतील. निवडणुकीच्या कामाला गेलेला एखादा शिक्षक, तलाठी किंवा अंगणवाडी सेविका गावात असतेच. मोहोर कशी लावतात आणि मोहोरबंद वस्तूची नोंद कशी करतात हे त्यांनाच दाखवायला सांगावे. हातांनी ते काम केलेल्या माणसाकडून दोन मिनिटांत जे कळते, ते माझ्या मते व्याख्यानातून अर्ध्या तासातही कळत नाही.

चिठ्ठ्यांचा हिशेब असा आहे. मोजल्या गेलेल्या मतांत क्लिंटन यांना ८,४४० आणि जे यांना ८,३३२ मते पडली. फरक १०८ मतांचा. शंभर मतांना एक चिठ्ठी धरली तर ८४ आणि ८३ होतात, म्हणजे फरक एका चिठ्ठीवर येतो. या चिठ्ठ्यांवर नावे न लिहिता फक्त 'अ' आणि 'ब' लिहावे. तीन खोक्यांत कोऱ्या चिठ्ठ्या भराव्यात, कारण त्या तीन कौंट्यांतील मते समितीने मोजलीच नाहीत. आपणही तेथे कल्पनेने आकडे भरू नयेत.

फळ्यावर राज्याचा कच्चा नकाशा काढावा. खाली दक्षिणेला समुद्राकाठी न्यूयॉर्क शहर, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीला लागून टायोगा, मध्यभागी सस्क्वेहाना नदीच्या उगमाजवळ ओट्सेगो, आणि अगदी उत्तरेला शँप्लेन सरोवराकाठी, कॅनडाच्या सीमेवर, क्लिंटन कौंटी. (तिला नाव याच गव्हर्नरचे दिलेले आहे, त्यामुळे श्रोते हमखास गोंधळतात, 'उत्तरेची कौंटी' म्हणावे.) उत्तरेच्या कौंटीहून शहरापर्यंतचे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिरोंच्याहून नागपूरला जाणाऱ्याला हे अंतर काय असते हे सांगावे लागत नाही. त्यातून रस्ता नाही, मोटार नाही, घोडा किंवा होडी हेच साधन, असे चित्र उभे करावे. टायोगा आणि ओट्सेगो या दोन्ही कौंट्या १७९१ मध्येच नव्याने स्थापन झाल्या होत्या. प्रशासन नवे, वस्ती विरळ, आणि नियम मात्र जुन्या वसलेल्या भागाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले, ही त्या वादामागची खरी परिस्थिती होती, आणि भामरागड किंवा धारणीकडे मतदान पथकासोबत गेलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल.

मतदार कोण होते, हे चिठ्ठी काढून दाखवावे

गव्हर्नरसाठी मत देण्याचा अधिकार किमान शंभर पौंड किमतीची स्वतःच्या मालकीची जमीन असलेल्या पुरुषालाच होता. कुळांना, मजुरांना, स्त्रियांना तो नव्हता. राज्यात एकवीस हजारांहून अधिक माणसे गुलामगिरीत होती. १७९० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ३,४०,००० होती, आणि मोजली गेलेली मते आहेत १६,७७२, म्हणजे शंभरामागे पाचसुद्धा नाहीत. लोकसंख्येत मुलेही आली आणि पात्र असून न आलेलेही आले, हे सांगून मगच हा आकडा वापरावा. तरीही चाळीस माणसांच्या सभेत तो दोन माणसांवर येतो. चाळीस चिठ्ठ्या घडी करून वाटाव्यात, त्यांपैकी दोनच चिठ्ठ्यांवर 'मत दिले' असे असावे, उरलेल्यांवर कूळ, मजूर, स्त्री, गुलाम, अल्पवयीन असे काहीबाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काही उत्साही संयोजकांना वाटेल की, गावातील कोणाच्या नावे सातबारा आहे आणि कोणाच्या नाही हे विचारूनच मतदार वेगळे काढावेत, म्हणजे मुद्दा मनाला भिडेल. तो भिडेल हे खरे, पण चुकीच्या जागी. आपल्या गावांत जमीन असणे-नसणे हे जात, कर्ज, वाटणी आणि घरातील बाईच्या हक्काशी गुंतलेले आहे. कोणाची तरी चारचौघांत मान खाली घालून इतिहास शिकवू नये. चिठ्ठी पुरेशी आहे.

पहिली फेरी : नावे झाकून

आता अकरा जणांची समिती बसवावी. मूळ समिती बाराची होती, पण अंतिम निर्णयात सात विरुद्ध चार अशी मते पडली, आणि विषम संख्या आपल्यालाही सोयीची आहे. तीन माणसे तीन पेट्या घेऊन दारातून येतील. समितीला उमेदवारांची नावे, मतांचे आकडे किंवा कोणती पेटी कोणाच्या बाजूची आहे, यांतले काहीही माहीत नसावे. प्रत्येक पेटीबरोबर फक्त तिची हकिगत वाचून दाखवावी आणि विचारावे : ही पेटी मोजायची की नाही?

तीनपैकी दोन हकिगती थोडक्यात आटोपतात. टायोगाच्या शेरीफने आपल्या दुय्यमाकरवी पेटी रवाना केली, तो वाटेत आजारी पडला आणि त्याने ती आपल्या कारकुनाच्या हाती पुढे पाठवली. दुय्यमाला पुन्हा दुसरा दुय्यम नेमता येतो का, हा प्रश्न. उत्तरेच्या कौंटीच्या शेरीफने ज्याच्या हाती पेटी दिली त्याच्याजवळ लेखी अधिकारपत्र नव्हते. तोंडी सांगणे पुरेसे आहे का, हा प्रश्न. दोन्हींत पेटीशी छेडछाड झाल्याचा पुरावा समितीपुढे नव्हता.

ओट्सेगोला मात्र पुरेसा वेळ द्यावा. सत्राचा निम्मा वेळ दिला तरी चालेल. तेथील शेरीफ रिचर्ड स्मिथ याची नेमणूक फेब्रुवारी १७९१ मध्ये झाली होती. राज्यघटनेप्रमाणे शेरीफची नेमणूक दरवर्षी करावयाची असे, म्हणजे मतदानापूर्वीच त्याचे वर्ष संपले होते. त्याच्या जागी बेंजामिन गिल्बर्ट याची नेमणूक झालीही होती, पण त्याने शपथ घेऊन पदभार स्वीकारलेला नव्हता. दरम्यान स्मिथ आपल्या गावचा पर्यवेक्षक म्हणून निवडून आला होता, आणि शेरीफने दुसरे कोणतेही पद धारण करू नये असे घटनेतच लिहिलेले होते. अशा स्मिथने गावोगावची पाकिटे स्वीकारली, पेटी मोहोरबंद केली आणि पाठवून दिली.

दोन वक्ते उभे करावेत. पेटी नाकारणाऱ्याने म्हणावे की, कायद्याने शेरीफ म्हटले आहे आणि मुदत संपलेला, शिवाय दुसरे पद घेतलेला माणूस शेरीफ नव्हे. आज भल्या माणसाने आणलेली पेटी आपण घेतली, तर उद्या कोणीही आणलेली पेटी नाकारण्याचा आधार आपल्याजवळ राहणार नाही, आणि मग मोहोरेला काही अर्थ उरणार नाही. पेटी स्वीकारणाऱ्याने म्हणावे की, नवा माणूस रुजू होईपर्यंत जुन्यानेच काम पाहण्याची रीत असते. स्मिथ शेरीफ नसेल तर त्या दिवशी ओट्सेगोला शेरीफच नव्हता आणि मग निरीक्षकांनी पाकिटे द्यायची कोणाकडे. अधिकाऱ्यांच्या नेमणुकीतील ढिलाईची शिक्षा मतदारांना कशासाठी? गावात हा वाद समजावून द्यावा लागत नाही. बदलीचा आदेश निघालेला पण कार्यभार न सोपवलेला ग्रामसेवक दाखल्यावर सही करतो, तो दाखला खरा की खोटा, एवढे विचारले की सभागृहात दोन तट पडतात.

समितीने चर्चेनंतर तिन्ही पेट्यांवर हात वर करून मत द्यावे आणि ते नावानिशी लिहून ठेवावे. ही नोंद काटेकोर असली पाहिजे, कारण सारे सत्र तिच्यावर उभे आहे.

दुसरी फेरी : नावे उघडून

आता चिठ्ठ्या मोजाव्यात. 'अ' ८४, 'ब' ८३. 'अ' म्हणजे अठरा वर्षांची कारकीर्द पुरी करण्याच्या वाटेवर असलेले क्लिंटन आणि 'ब' म्हणजे जे, हे सांगावे. मग सांगावे की ओट्सेगो हा विल्यम कूपर या बड्या जमीनदाराचा भाग होता, तो तेथील न्यायाधीशही होता आणि जे यांचा कट्टर समर्थक होता. ती पेटी उघडली तर जे यांचे पारडे जड होणार हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. कूपरने मतदारांवर दबाव आणल्याचे आरोपही झाले. समितीत क्लिंटन यांच्या गटाचे बहुमत आहे, हे सांगण्याचीही हीच वेळ. काही सदस्यांना या गटात बसवून पुन्हा तोच प्रश्न विचारावा : पेटी मोजायची की नाही?

ज्यांचे मत बदलले त्यांना कारण विचारावे, पण खोडसाळपणे नव्हे. बहुतेक जण कूपरच्या दबावाचे नाव घेतात. तेव्हा संयोजकाने ठामपणे दाखवून द्यावे की समितीने ओट्सेगोची पेटी दबावाच्या कारणावरून नाकारली नव्हती. तिने स्मिथच्या अधिकाराचे कारण दिले होते. दबावाची चौकशी हा एक प्रश्न आहे, पेटीच्या अधिकाराचा दुसरा; पहिल्याची चीड दुसऱ्याच्या निकालात मिसळली की युक्तिवाद नासतो. दुसऱ्या बाजूलाही हेच लागू आहे : समिती पक्षपाती होती म्हणून स्मिथ आपोआप शेरीफ ठरत नाही.

यानंतर प्रत्यक्षात काय झाले ते सांगावे. समितीने न्यूयॉर्कच्या दोन्ही सिनेटरांचे कायदेशीर मत मागवले. रूफस किंग यांनी मते मोजावीत असे सांगितले. स्मिथ हा प्रत्यक्षात शेरीफचे काम पाहत होता, एवढे त्यांना पुरेसे वाटले. एरन बर यांनी ओट्सेगोची मते मोजू नयेत असा अभिप्राय दिला. (हेच ते बर, ज्यांनी १८०४ मध्ये अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना द्वंद्वयुद्धात मारले, परंतु हे सत्राच्या शेवटी सांगावे, आधी सांगितल्यास चर्चा तिकडेच वाहत जाते.) जून महिन्यात समितीने सात विरुद्ध चार मतांनी तिन्ही कौंट्या वगळून क्लिंटन यांना निवडून आल्याचे जाहीर केले. माझ्यापुरते सांगायचे तर ओट्सेगोवर नाकारणाऱ्यांचा युक्तिवाद निदान उभा राहतो. टायोगा आणि उत्तरेच्या कौंटीवरील निर्णय मात्र मला कायद्याच्या नावाखालचा सोयीचा निर्णय वाटतो, कारण पेटी वाहून नेणारा हात बदलल्याने पेटीवरची शेरीफची मोहोर बदलत नाही. सभेतून याला विरोध यावा अशीच अपेक्षा आहे.

आपला कायदा येथे, आधी नव्हे

कलमांचे पुस्तक आता उघडावे. मतदान झालेली पेटी वा यंत्र बेकायदा पळवले, नष्ट झाले किंवा त्यात ढवळाढवळ झाली, तर काय करायचे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५८ मध्ये आहे. निवडणूक आयोग तेथे फेरमतदान घेऊ शकतो. म्हणजे मोजणे आणि फेकून देणे यांच्यामधला तिसरा मार्ग, जो १७९२ मध्ये कोणाजवळच नव्हता. कलम १०० वाचताना, नियम न पाळल्यामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला असेल तरच त्या कारणावरून निवडणूक रद्द होते, या अटीवर थांबावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे की ओट्सेगोच्या बाबतीत ही अट कशी लावाल : पेटी न उघडता परिणाम झाला हे सिद्ध कसे करणार? कलम ८१ नुसार विधानसभा आणि लोकसभेच्या निकालाविरुद्ध ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते. विदर्भासाठी ते नागपूर खंडपीठ. किंग यांच्या युक्तिवादाचे भारतीय रूप पाहायचे असेल तर गोकाराजू रंगराजू खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा १९८१ चा निर्णय घ्यावा, ज्यात नेमणुकीत दोष असला तरी पदावर बसून काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने केलेली कृत्ये वैध धरली आहेत. स्मिथ आज आपल्याकडे असता तर त्याच्या पेटीचे काय झाले असते, यावर प्रत्येकाने दोनशे शब्द लिहून आणावेत. मुख्य परीक्षेच्या उत्तराचा हा चांगला सराव आहे.

पुढची हकिगत थोडक्यात पुरे. राज्यभर निषेधाच्या सभा झाल्या, बंदुका काढण्याची भाषाही झाली, पण स्वतः जे यांनी समर्थकांना शांत राहण्यास सांगितले. विधिमंडळाने नंतर चौकशी केली आणि समितीने भ्रष्ट वर्तन केले नाही असा निर्वाळा दिला. १७९५ मध्ये क्लिंटन उभे राहिले नाहीत. जे इंग्लंडशी तह करण्यासाठी परदेशी असतानाच गव्हर्नर म्हणून निवडून आले, सरन्यायाधीशपद सोडून त्यांनी सूत्रे हाती घेतली, आणि १७९९ मध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणाऱ्या राज्याच्या कायद्यावर सही केली.

दोन्ही फेऱ्यांच्या मतनोंदी, आणि अल्पमतात राहिलेल्यांची लेखी कारणे, अभ्यासिकेच्या फाइलमध्ये लावून ठेवावीत; मूळ समितीतील चौघांनीही आपला विरोध लेखी नोंदवला होता. पुढील सत्रासाठी मॅसॅच्युसेट्सची १८३९ ची गव्हर्नरपदाची निवडणूक घ्यावी. तेथे विजयासाठी एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागत, आणि मार्कस मॉर्टन यांना १,०२,०६६ पैकी ५१,०३४ मते मिळाली होती, म्हणजे लागत होती त्याहून एकही जास्त नाही. त्या सत्रात खोक्यांची गरज नाही. संशयास्पद मतपत्रिका वैध धरायची की बाद, याचे दहा-बारा नमुने तेवढे आधी तयार करून ठेवावेत.